नागव्वांची तपकिरी बरणी

मी एक जुनी, मानेशी किंचित कललेली बरणी आहे. मित्रांनो, माझी गोष्ट ऐकण्याजोगी आहे की नाही, मला ठाऊक नाही, तरी सांगते.

सोलापुरात, भवानी पेठेतल्या एका लहानशा कार्यशाळेत माझा जन्म झाला. तिथे महादेवीबाई एकट्याच चाकावर भांडी घडवत, त्यांना तपकिरी लेप देत आणि भट्टीत भाजत. प्रत्येक भांड्याच्या बुडाला त्या बेलपानाचा ठसा उमटवत. मला शेजारच्या गल्लीतल्या नागव्वांनी लोणच्यासाठी नेले. लग्नकार्यात मी लोणच्यासकट घरोघरी जाई. हरवू नये म्हणून नागव्वांनी माझ्या बुडावर लाल ऑइलपेंटने आपले नाव घालून घेतले. ठसा त्याखाली बुजला.

पुढे प्लास्टिकच्या हलक्या बरण्या आल्या आणि मी माळ्यावर गेले. कित्येक वर्षे मला कोणाचा हात लागला नाही.

१९७६ साली अण्णाराव आले. हाताने घडवलेली जुनी भांडी ते शोधत हिंडत. महादेवीबाईंची कार्यशाळा केव्हाच बंद पडली होती. त्यांची दृष्टीही गेली होती. त्यांचे काम विसरले जाऊ नये म्हणून अण्णाराव एकेका भांड्याची वहीत नोंद करत, पण ठसा पाहिल्याशिवाय नाही. त्यांनी मला उपडे केले आणि पिशवीतून रॉकेलची बाटली काढली.

"वैनी, हे नाव पुसू का?"

"माझं नाव पुसून दुसरीचं वाचनार व्हय? लई शहाणे की!" नागव्वांनी मला ओढून घेतले. "त्या बाई हायेत न्हवं अजून? त्यास्नीच इचारा."

"त्यांना दिसत नाही हो."

"हात तर हायेत!"

अण्णाराव ओशाळले. त्याच दुपारी मला घेऊन दोघे महादेवीबाईंकडे गेले. बाईंनी मला मांडीवर घेऊन आत हात घातला. मानेखाली भाजलेल्या मातीतल्या एका बारीक खाचेवर त्यांची बोटे थांबली.

"ही काकणाची रेघ," त्या हसल्या. "काकणं काढून चाकावर बस, म्हणून शिकवणारे मास्तर ओरडायचे. मी कधी काढली न्हाईत. ही माझीच." मग हळूच विचारले, "लोणचं टिकायचं का हो हिच्यात?"

"तीन-तीन वर्षं, अक्का! बुरशी म्हणून न्हाय."

"मला वाटलं, माझी सगळी भांडी कवाच फुटली," म्हणत त्यांनी मला दोन्ही हातांनी धरून ठेवले.

अण्णारावांनी वहीत माझी नोंद केली. बुडावरचे लाल नाव तसेच राहिले.

मित्रांनो, जुने भांडे सापडले तर ते जपाच. पण ते घडवणारे माणूस गावात असेल, तर भांडे घेऊन आधी त्याच्याकडे जा. आम्ही माळ्यावर कितीही वर्षे थांबतो. माणसांना तेवढे थांबता येत नाही.