झुंबरबाईचा पुण्याचा बेत

पेठ गावात झुंबरबाईनं केलेला बेत मोडला, असं आजवर झालं नव्हतं. लग्न असो, दहावा असो, कांद्याची लागण असो. ती चुलीपुढं बसायची, मनातल्या मनात जुळवायची आणि मग सगळं तस्संच व्हायचं. शाळा तिनं जेमतेम दुसरीपर्यंत पाहिली, पण पाटील-सरपंच तिच्यापुढं शब्द तोलून बोलत. तरी नातवाला पुणं दाखवायचा बेत तिनं जेवढं डोकं लावून केला, तेवढं डोकं थोरल्या रामनाथच्या लग्नालाही लावलं नव्हतं.

रामनाथचं लग्न सोपंच होतं म्हणा. बेल्ह्याचा सख्खा भाऊ कुशाबा, त्याची प्रतिभा. मामाची पोर करायची चाल आहेच, त्यात पोरगी हाताखाली वाढलेली. आत्या-आत्या करत अंगणात हुंदडणारी पोर सून होऊन आली, पण सासूला आत्याच म्हणत राहिली. सगळं छान चाललं होतं. मग एका संध्याकाळी पारगावच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीला मागून रामनाथची मोटारसायकल धडकली, आणि घरात रांगता सार्थक आणि कपाळ पुसलेली प्रतिभा राहिली.

पोराला तिसरं लागलं तेव्हा कुशाबानं लेकीचा पाट लावायचं काढलं. झुंबरबाईनं आडकाठी केली नाही. एवढंच म्हणाली, "लाव. तरणी हाय, किती दिस बसल? पण पोर आमच्या घरचं. आन् पाट लागलेल्या बाईनं आदीच्या घराचा उंबरा चढायचा नसतो, ही रीत काय मी काढली न्हाई." कुशाबानं मान खाली घातली. प्रतिभा हडपसरला नव्या नवऱ्याच्या घरी गेली. जाताना पोर झोपेत होतं. ते पुन्हा तिच्या नजरेला पडलं नाही.

सार्थक आता पाच वर्षांचा. धाकटा सुनील झुंबरबाईला आई म्हणायचा, त्याची बायको मोहिनी आई म्हणायची, म्हणून पोरही आईच म्हणायचं. त्याला कुणी शिकवलं नव्हतं. कुणी सुधारलंही नव्हतं.

थंडीत एक दिवस कुशाबा आला. चहा घेतला, कांद्याची रोपं कशी आहेत विचारलं, गाईचं वासरू पाहिलं. झुंबरबाई वाट बघत बसली. भाऊ आडवळणानं आला की मागायला आला, हे तिला लहानपणापासून ठाऊक.

"आक्का," अखेर तो म्हणाला, "प्रतिभाला एकदा पोराला बघायचंय."

"बघायचंय का न्यायचंय?"

कुशाबा बशीकडं बघत राहिला. "जावई मानूस बरा हाय गं. त्यो सवताच म्हनला, जूनात शाळंत घालायचं तर हिकडं आनू. पर ती म्हनती, आदी भेटते, पोराला माजी वळख पटू दे. मग आत्याच्या पाया पडून मागंन."

"हिथं यायचं न्हाई."

"हिथं कशाला? पुण्यात भेटा. बागंत. तू घिऊन जा त्याला, पोराला बी पुणं बघायला मिळंल."

झुंबरबाईनं मनातल्या मनात जुळवून पाहिलं. नाही म्हणाली असती तर भाऊबंद, गाव, सगळे म्हणाले असते, म्हातारीनं आईची नि लेकराची ताटातूट केली. आपल्याला कुणी नाव ठेवलेलं तिला खपत नसे.

"चार वाजता," ती म्हणाली. "सारसबागंत, गणपतीच्या पुढं. चार म्हंजी चार. शब्द दिला."

कुशाबाच्या डोळ्यांत पाणी आलं. भाबडा माणूस. बहिणीनं शब्द दिला एवढंच त्यानं ऐकलं.

दुसऱ्या दिवसापासून झुंबरबाई बेताला लागली. सुनील पिकअप घेऊन मार्केट यार्डात माल टाकायला जायचा, त्याला पुण्याचे रस्ते तोंडपाठ. तिनं त्याला जेवताना गाठलं.

"शनवारवाड्याला लई पायऱ्या हायेत नव्हं?"

"हायेत की. तटावर चढायचं म्हनलं तर दम निघतो."

"आन् कात्रजला?"

"तितं तर चालून चालून पायाचं तुकडं पडत्यात. पर आई, कात्रजला काय बघायचंय? बिबट्या तर आपल्या उसात हाय, फुकटात."

"पोराला वाघ बघायचाय. हत्ती बघायचाय."

"मग वाडा सोड. दोनी एका दिसात व्हत न्हाई. वाडा एकीकडं, कात्रज पार दुसरीकडं."

"व्हतं."

मोहिनी भाकरी थापता थापता म्हणाली, "आई, त्यो दुपारच्याला निजतो. जेवला की कुठंतरी सावलीला टेका, न्हाईतर चारला डोळं उगडं राह्यचं न्हाईत त्याचं."

झुंबरबाईनं तिच्याकडं असं बघितलं की मोहिनीची भाकरी तव्यावर जायच्या आधीच चिरली.

"म्या बी येतो बरोबर," सुनील म्हणाला. "वैनीला बघून लई दिस झालं."

"तू कांद्याला पानी दे."

झुंबरबाईचा बाप बेल्ह्याच्या बाजारातला जुना माणूस. अंगावर येणारं खोंड विकायचं असलं की तो ते आदल्या दिवशी नांगरटीच्या ढेकळांतून हिंडवायचा, पार जीभ बाहेर येईपर्यंत. दुसऱ्या दिवशी बाजारात ते खोंड गाईसारखं गरीब उभं राहायचं. गिऱ्हाईक अंगावर हात फिरवायचं, शेपूट पिरगाळून बघायचं, तरी कान हलवायचं नाही. झुंबरबाई लहानपणी बापाच्या मागं ढेकळांतून फिरली होती. बेत तिथूनच आला होता. पोर बाईपुढं असं न्यायचं की ते तिच्याकडं बघणार नाही, बोलणार नाही, हसणार नाही. मग ओळख पटेल कशाची? आणि शब्द मोडला असं म्हणायला तोंड कुणाला उरेल?

ठरल्या दिवशी पहिल्या गाडीनं ती निघाली. सार्थकला नवा शर्ट, स्वेटर, कानटोपी. पोर हरखून खिडकीला नाक लावून बसलं. चाकणच्या कंपन्या बघून म्हणालं, "आई, पुणं आलं?" भोसरी आली तरी तेच. वाकडेवाडीला उतरेपर्यंत त्यानं सगळ्या गाडीला सांगून टाकलं होतं की मी हत्ती बघायला चाललोय.

शनिवारवाड्यात तिनं त्याला मोकळं सोडलं. "पळ," म्हणाली. "त्या तटावर चढ. आता त्या टोकाला जा. आता परत ये." पोर खुशीत होतं. घरी बिबट्याच्या भीतीनं दिवस कलला की दाराला कडी. इथं एवढं मोकळं अंगण, आणि आई स्वतः पळ म्हणतेय! ते हिरवळीवर लोळलं, पायऱ्या चढलं, उतरलं, पुन्हा चढलं. झुंबरबाई काष्टा सावरत मागं मागं.

कात्रजला तीच तऱ्हा. दारात बसवून फिरवणारी गाडी होती, तिच्याकडं तिनं वळून पाहिलं नाही. "चालायचं. चालल्याबिगर वाघ दिसत न्हाई." वाघ दिसला, अस्वल दिसलं, हत्ती दिसला. हत्तीपुढून पोर हलेना. तिथंच दशम्या सोडल्या, दही-चटणी खाल्ली. जेवल्यावर सार्थकनं सवयीनं तिच्या मांडीवर डोकं टाकलं.

"ऊठ. साप राह्यलेत."

"आई, झोप आलीय."

"पुण्यात दुपारचं झोपत न्हाईत. ऊठ, कुलपी देते."

कुलपीवर तो सापांपर्यंत आला. सापांपासून मगरीपर्यंत फुग्यावर आला. मगरीपुढं रडायला लागला, तर तिनं तोंड धुवून दिलं, गार पाणी डोळ्यांना लावलं. पोराचा डोळा लागू न देता तिनं त्याला साडेतीनपर्यंत ओढत आणलं आणि रिक्षात घातलं. रिक्षा सुरू झाली तसं पोर लाकडासारखं झोपी गेलं. झुंबरबाईनं त्याच्या अंगावर पदर टाकला. तिची छाती भरून आली होती, बेत जमल्यावर भरून येते तशी.

सारसबागेत प्रतिभा आधीच येऊन बसली होती. तळ्याच्या काठाला, बाकावर. मांडीवर डबा. आत्याला खांद्यावर पोर घेऊन येताना पाहिलं आणि ती उठली. उठताना तिनं बाकाला धरलं, मग कमरेला हात लावला. झुंबरबाईला पुढचं काही विचारायची गरज उरली नाही. एवढी बाळंतपणं केलेली बाई ती.

"भरलेली दिसतीस."

"पाचवा लागला, आत्या." प्रतिभा वाकून पाया पडायला गेली, पण नीट वाकता आलं नाही.

"ऱ्हाऊ दे. मग आता ह्याची काय निकड? तुजं तुला येतंय की."

प्रतिभानं हात पुढं केले. झुंबरबाईनं पोर दिलं. द्यायचंच होतं, तिनं तसं ठरवलंच होतं. पोर इकडून तिकडं गेलं तरी त्याची मान तशीच लोंबत राहिली.

"एक आलं म्हनून दुसरं कमी व्हतं का?" प्रतिभा पोराकडं बघत म्हणाली. "तुमाला दोन व्हते. रामनाथ गेलं तवा सुनीलभावजी हायेत म्हनून तुमी गप बसला का?"

  झुंबरबाई बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. गुडघे ठणकत होते.

प्रतिभानं पोराला हाक मारली नाही. गालावरून हात फिरवला. बुटांची माती बोटानं काढली. तळव्यांना हात लावला, ते भट्टीसारखे तापले होते. मग तिनं वर बघितलं.

"दमवून आनलंत नव्हं?"

"पोराला पुणं दावलं."

"म्या बी बेल्ह्याचीच हाय, आत्या. बाजारादिवशी खोंड कसं आनत्यात ते मलाबी ठावं हाय. आज्यानंच दावलं व्हतं."

"शब्द दिला व्हता चारचा. चारला आनलं."

"आनलं," प्रतिभा म्हणाली.

दोघी बसून राहिल्या. तळ्याकडून वारा येत होता. लोक गणपतीला जात होते, येत होते. एक फुगेवाला समोर येऊन पिपाणी वाजवायला लागला, तर प्रतिभानं त्याला हातानंच जा म्हणून खुणावलं. पण उशीर झाला होता. पोर चुळबुळलं. डोळे उघडले. तोंडावर वाकलेला बाईचा चेहरा त्यानं बघितला आणि ते असं दचकलं की बाकावर ठेवलेला डबा खाली पडला. अंग आक्रसून, ओठ काढून ते झुंबरबाईकडं झेपावलं.

"आई! ही कोन? आई, ही कोन हाय?"

 प्रतिभा आत्याकडं बघत राहिली. अजून वेळ गेली नव्हती. एक शब्द पुरला असता, आणि तो शब्द सांगायचा हक्क झुंबरबाईला एकटीलाच होता.

झुंबरबाईनं पोराला छातीशी घेतलं. "पावनी हाय," ती म्हणाली. "आपल्या बेल्ह्याची पावनी. रडायचं न्हाई."

प्रतिभा खाली वाकली, कष्टानं, आणि डब्यातून सांडलेले रव्याचे लाडू एकेक करून गोळा केले. एक सार्थकपुढं धरला. त्यानं तोंड फिरवलं. पोट कुलपीनं भरलं होतं.

"मागायला आले व्हते," ती सरळ होत म्हणाली. आवाज कोरडा होता. "घरात समदं बोलून आले व्हते. शाळा बघून ठिवलीय. पर न्हाई मागत आता. ज्याला माजं भ्या वाटतं त्याला वडून न्यायला मी काय बाजारात आलेले न्हाई. तुमीच ठिवा. पुन्हा भेटवा म्हनून बाबाला बी धाडत न्हाई."

"तुजी मर्जी."

"माजी कुठं, आत्या?"

तिनं डबा पिशवीत टाकला. पोराच्या डोक्यावरून हात फिरवायला गेली, पण तो आणखी आत दडला, तर हात तसाच मागं घेतला. आणि निघाली. सावकाश, पोट सांभाळत, तळ्याच्या कडेकडेनं.

झुंबरबाई बसून राहिली. जिंकलं होतं. घरी जाऊन सुनीलला सांगता आलं असतं, कुशाबाला सांगता आलं असतं, की मी शब्द पाळला आणि तुझ्या लेकीनंच पोर नको म्हटलं. गावात एकालाही बोट दाखवता येणार नव्हतं. पोर घरात राहणार होतं. रामनाथचं पोर रामनाथच्या घरात.

सार्थकची झोप पुरी झाली होती. पावनी लांब गेली तसा तो मांडीवरून उतरला. समोर पोरं हिरवळीवर पळत होती, त्यांच्या आया त्यांच्या मागं. तो चार पावलं पळाला, मागं वळला.

"आई, मला धर!"

"दम जरा."

"धर ना! तू सकाळी धरलं व्हतंस."

झुंबरबाईनं बाकाच्या पाठीला हात देऊन जोर केला. उठता येईना. डावा गुडघा आखडून दगड झाला होता. दिवसभर पोर जेवढं हिंडलं होतं तेवढीच तीही हिंडली होती, पायऱ्या चढली होती, उतरली होती, आणि शेवटी त्याला खांद्यावर घेऊन आली होती. तिनं परत जोर केला. परत बसली. पोर लांब लांब पळत होतं, वळून वळून बघत होतं, हसत होतं. पाच वर्षांचं पोर. त्याला अजून किती पळायचं होतं, कुणाकुणाच्या मागं, किती वर्षं, हे तिनं आज पहिल्यांदा मोजायला घेतलं आणि मध्येच सोडून दिलं.

मान वळवली तर प्रतिभा अजून दिसत होती. फाटकापाशी थांबली होती, भिंतीला टेकून, दम खात. पाठमोरी. तिथवर आवाज सहज गेला असता. शेताच्या एका बांधावरून दुसऱ्या बांधावर माणसं बोलावणारा झुंबरबाईचा आवाज तो. सबंध बागेनं ऐकला असता.

झुंबरबाईनं पदर नीट केला, ताठ बसली, आणि प्रतिभा रस्त्याला लागेपर्यंत तोंड उघडलं नाही.