शर्मिष्ठाला मोजणारी पट्टी

माझ्या अंगावर एकशे साठ सेंटीमीटरच्या रेघा, चार स्क्रू, डोक्यावर टेकवायची एक सरकती फळी आणि पेन्सिलीच्या अठरा खुणा आहेत. मित्रांनो, मी उंची मोजायची जुनी सागवानी पट्टी. शर्मिष्ठा आणि राघवच्या वडिलांनी, श्रीपादबाबांनी, आलमबागच्या वखारीतून लाकूड आणून मला घडवलं आणि लखनौच्या मानक नगरमधल्या रेल्वे क्वार्टरच्या भिंतीवर ओळंबा धरून बसवलं. मोजताना चप्पल काढायची, वेणी सोडायची, टाचा भिंतीला लावायच्या, असा त्यांचा नियम होता.

१९९४च्या मार्चमध्ये सात वर्षांच्या राघवची खूण नऊ वर्षांच्या शर्मिष्ठाच्या वर गेली. तो नाचायलाच लागला. "दीदी, आता तू माझी छोटी बहन."

"उमर में बड़ी हूँ, यार," ती म्हणाली. पण तेव्हापासून ती माझ्याकडे पाठ फिरवून जाऊ लागली.

शेजारच्या सरला आंटींनी सल्ला दिला, "इसे रोज़ डंडे से लटकवाइए, भाभी." आईला, म्हणजे मृणालला, वाटलं की खाणंच कमी पडतंय. तिनं माहेरच्या पद्धतीनं गहू तीन दिवस भिजवले, वाटून चीक काढला, वाळवून सत्त्व केलं. रोज सकाळी वाटीभर सत्त्वाची खीर, शिवाय डब्यात एक जास्तीचा पराठा. शर्मिष्ठाचं पोट फुगे, चेहरा फिका पडे. खूण काही हलेना.

सुट्टीत मुलं देवरुखला आजोळी गेली. तिथं सकाळी पेज, दोन्ही वेळा भात, नाहीतर तांदळाची भाकरी. परतल्यावर बाबांनी तिला मोजलं, मग पुन्हा मोजलं.

"मृणाल, गेल्या अख्ख्या वर्षात दोन सेंटीमीटर, आणि या दोन महिन्यांत दीड."

"हवा मानवली असेल."

"हवा राघवलाही तीच होती. तो नेहमीसारखाच वाढलाय."

डॉक्टर चंद्रप्रभांनी काय सांगितलं, ते बाबा घरी येऊन बोलले. आईवडील ठेंगणे असतील, मूल उशिरा वाढणारं असेल, थायरॉइड किंवा वाढीचं संप्रेरक कमी असेल, मूत्रपिंडाचं किंवा आतड्याचं दुखणं असेल. कारणं पुष्कळ असतात. तपासण्यांनंतर कारण कळलं. गव्हातल्या प्रथिनामुळे तिच्या आतड्याचं अस्तर झिजत होतं आणि खाल्लेलं अंगी लागत नव्हतं. गहू, मैदा, रवा, जव कायमचे बंद.

मृणालनं सत्त्वाचा डबा सरला आंटींना देऊन टाकला. त्या म्हणाल्या, "हम तो अब चौड़ाई में ही बढ़ेंगे." दोघी पोट धरून हसल्या. घरात घावन, मक्याची रोटी, बाजरीची भाकरी सुरू झाली. शर्मिष्ठा आता स्वतःहून वेणी सोडून माझ्यापाशी उभी राहू लागली.

मित्रांनो, ठेंगणी मुलं बहुतेक निरोगीच असतात. त्यांना चिडवू नका. पण वर्षभरात खूण जेमतेमच सरकली, तर डॉक्टरांना दाखवा. आपल्याच मनानं कुणाचा गहू बंद करू नका. आणि माझ्यासारखीवर ओले टॉवेल टाकू नका; लाकूड वाकतं.

१९९५च्या दिवाळीत दोघं मोजायला आली. राघवनं हळूच टाचा उचलल्या. बाबांनी त्या खाली टेकवल्या. राघव, एकशे पंचवीस पूर्णांक चार दशांश सेंटीमीटर. शर्मिष्ठा, एकशे सव्वीस पूर्णांक दोन दशांश.