मेणबत्तीवाल्यांचं घर

बाबा गेले आणि आमच्या घराण्यात मी एकटी उरले. घराणं म्हणजे फारच मोठा शब्द झाला म्हणा. आजोबा मेणबत्त्या बनवायचे, बाबा आणि आत्या त्यांच्या गोष्टी सांगायचे, आणि मी टेलिफोन ऑफिसात जन्म काढला, लग्न केलं नाही. संपलं घराणं! पण आजोबांचं ते घर कुठेतरी उभं होतं आणि मला राहवेना. कोणाकडे काही मागायची मला सवय नाही. आता मात्र एवढं हवं होतं की त्या गल्लीतल्या एका तरी माणसाने म्हणावं, "हो, इथेच राहायची ती माणसं." नाहीतर सगळं काही माझ्या एकटीच्या डोक्यात. आणि त्या डोक्याचा काय भरवसा, परवा किल्ल्या फ्रिजमध्ये सापडल्या.

घर लगेच सापडलं. बाबा सांगायचे तसंच, गल्लीचा उतार संपतो तिथे, दगडी पायरीचं, रस्त्याकडे एकच उंच खिडकी. या खिडकीवरून बाबा आणि आत्या जन्मभर भांडले. बाबा म्हणायचे, मी तिथून उडी मारली. आत्या म्हणायची, उडी कसली, तोंडावर पडलास. दोघंही गेले आणि भांडण माझ्या गळ्यात घालून गेले. म्हणून मी पर्समधून टेप काढली आणि खिडकीची उंची मोजायला लागले.

इथेच माती खाल्ली.

"काय मोजताय?" दारात एक बाई हात पुसत उभ्या होत्या. साधारण माझ्याच वयाच्या.

"काही नाही हो, गंमत. हे माझ्या आजोबांचं घर. ते मेणबत्त्या करायचे."

"चुकलात तुम्ही. इथे मेणबत्तीवाले कधीच नव्हते."

मी त्यांच्या खांद्यावरून आत पाहिलं. छताच्या तुळयांना लोखंडी आकडे, ओळीच्या ओळी. त्यांना शर्ट लटकवले होते. मी बोट दाखवून ओरडले, "अहो, ते आकडे! वाती मेणात बुडवायच्या, तिथे टांगायच्या, सुकल्या की परत बुडवायच्या. माझे बाबा सांगायचे."

"ते कपडे वाळत घालायला आहेत."

"छतभर?"

"आमच्याकडे कपडे फार."

कपाळ माझं! मी तरातरा समोरच्या चष्म्याच्या दुकानात गेले. तिथला म्हातारा चष्मेवाला ऐकून एकदम खुलला. "मेणबत्तीवाले? म्हणजे काय! आमचे वडील तर..." तेवढ्यात त्याची नजर माझ्या मागे समोरच्या दाराकडे गेली. "आमचे वडील म्हणायचे, असं कोणी इथे नव्हतं," असं म्हणून तो काच पुसायला लागला. काच आधीच लख्ख होती.

मला असा संताप आला! दोन जिवंत माणसांना सगळं ठाऊक होतं आणि दोघंही माझ्या माणसांना पुसून टाकत होती. मी परत त्या दाराशी गेले.

"मला घर नकोय हो. फक्त हो म्हणा."

"आमच्याकडे कागद आहेत," बाई म्हणाल्या.

"मी मागितले का कागद?"

"टेप घेऊन कोणी गंमत करायला येत नाही. आज तुम्ही गोड बोलाल, उद्या तुमची मुलं वकील घेऊन उभी राहतील."

"मला मुलं नाहीत."

"मग भावाची?"

"एकुलती एक आहे मी."

"आत्याची?"

"तिनेही लग्न केलं नाही. आमच्यात ती खोडच आहे."

बाई हळूच म्हणाल्या, "म्हणजे तुमच्यामागे...?"

"कोणी नाही."

हे उत्तर मी बँकेत दिलंय, दवाखान्यात दिलंय. ऐकणारा च्च् च्च् करतो आणि नजर चुकवतो. हे ऐकून जिचा चेहरा उजळला अशी ही पहिलीच बाई.

"अगंबाई! मग दारात काय उभ्या? या ना आत!" त्यांनी मला हाताला धरून खुर्चीत बसवलं, आणि दारातूनच समोरच्या दुकानाकडे बघून ओरडल्या, "अहो, या इकडे! सांगा यांना मेणबत्तीवाल्यांचं!"

चष्मेवाला दुकान उघडं टाकून आला. मग काय विचारता! दोघं एकमेकांचं बोलणं तोडत, आपापल्या मोठ्यांकडून ऐकलेलं सांगायला लागली. आजोबा वाती बुडवताना बेसूर गायचे. वाकड्या झालेल्या मेणबत्त्या गल्लीतल्या पोरांना फुकट वाटायचे. एकदा माझ्या आत्याची वेणी मेणात बुडाली आणि ती कापावी लागली, तेव्हा तिने रडून गल्ली डोक्यावर घेतली होती. हे आत्याने कधी सांगितलं नव्हतं. लबाड कुठली! मी पोट धरून हसले. मग वाटलं, आता तिला चिडवायला हवं, आणि चिडवायला ती नव्हती. सांगायला बाबाही नव्हते. मला रडू फुटलं. कितीतरी वेळ आवरेना.

बाईंनी पाठीवरून हात फिरवला, कॉफी दिली, अजून एक कप घ्या म्हणून आग्रह केला. माणूस वाईट नव्हतं हो. निघताना पायरीपर्यंत सोडायला आल्या.

"परत या हं," त्या अगदी मनापासून म्हणाल्या. "आपलंच घर समजा."