पंचमीचं पाणी

सुरभीने पहिली सहल ठरवली तेव्हा तिच्या आईने, धोंडुबाईने, एकच प्रश्न विचारला होता. "पानी बघायला लोक पेणवरून गाडी करून जानार?"

धोंडुबाईचा जन्म धरमतरच्या खाडीकाठी गेला. मिठागरात मीठ ओढायचं, बांधावर चिखल थापायचा, भरतीच्या वेळी उघाडी, म्हणजे बांधातलं दार, वर करून पाणी आत घ्यायचं. पाणी ही तिच्या लेखी कामाची गोष्ट होती, बघायची नव्हे. सुरभी शिकली, डोलवीला एका ठेकेदाराच्या कचेरीत कॉम्प्युटरवर बसली, आणि ठेका संपला तशी घरी आली. चार महिने अर्ज करून थकली. मग गावातल्याच आदेशची टेम्पो ट्रॅव्हलर बघून तिच्या डोक्यात आलं, की मुंबईचे लोक एवढे अलिबागला येतात, पण पेण-रोह्याच्या किती माणसांनी आपलाच किनारा धड पाहिलाय? कुलाबा किल्ला, मग रेवदंड्याला जेवण, मग काशीद. एका दिवसात सगळं. मोबाइलवरून तिने जाहिरात फिरवली आणि बाराजणांनी नावं दिली.

आदल्या दिवशी एकाने नाही म्हटलं. रिकामी जागा बरी दिसत नाही म्हणून सुरभीने आईला चल म्हटलं. धोंडुबाई नवी साडी नेसून सगळ्यांत मागच्या बाकावर बसली.

वडखळच्या पुढे गाडी पंक्चर झाली. नऊला पोचायचं ते अलिबागला पोचेपर्यंत पावणेअकरा वाजले. ओहोटी नुकतीच सरली होती. किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंत ओली वाळू उघडी पडली होती, मधे कुठे घोट्याएवढं, कुठे गुडघ्याएवढं पाणी. लोक चालत जात होते, घोडागाड्या पाणी उडवत चालल्या होत्या. आदेश गाडीपाशी थांबला आणि सुरभी सगळ्यांना घेऊन निघाली.

धोंडुबाई तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "पंचमी हाय गो आज. साडेअकराच्या आत मागं फिरायला लाव यांना."

"आये, मी सगळं बघून ठेवलंय," सुरभी म्हणाली. भरतीची वेळ बघितली होती खरी, पण नऊला पोचायच्या हिशेबाने. तिने आजूबाजूला नजर टाकली. पाहुण्यांसमोर आईच्या ह्या बोलण्याने तिला अवघडल्यासारखं झालं.

किल्ल्यात मात्र तिचा जीव रमला. गणपतीचं मंदिर, समुद्राच्या पोटात असून गोड पाण्याचा तलाव, तटावरच्या तोफा, तिने पाठ केलेलं सगळं नीट आठवलं. रोह्याचे निवृत्त शिक्षक दत्तात्रेय सर प्रत्येक कोपऱ्यावर थांबून प्रश्न विचारत होते आणि ती उत्तरं देत होती. डोलवीच्या कंपनीत शिफ्टवर असणारा विशाल आणि त्याची बायको अनिता यांची सहा वर्षांची लेक ओवी पुढे पुढे धावत होती. धोंडुबाईने दोनदा लांबून सुरभीकडे पाहिलं. सुरभीने दोन्ही वेळा पाहून न पाहिल्यासारखं केलं.

सगळे महादरवाजापाशी आले तेव्हा साडेबारा होत होते. मघाची वाळू दिसेनाशी झाली होती. किनारा आणि किल्ला यांच्यामध्ये मातकट पाणी पसरलं होतं. घोडागाड्या पलीकडे उभ्या होत्या, आणि होड्यांना पुरेल एवढं पाणी अजून नव्हतं.

सुरभीने घड्याळ पाहिलं. रेवदंड्याला जेवण सांगून ठेवलं होतं. काशीदला उशीर झाला असता. "कमरेएवढंच असेल," ती म्हणाली. "हात धरून पटकन जाऊ या."

धोंडुबाई दरवाजाच्या खालच्या पायरीवर, पाण्याच्या तोंडाशी, बसकण मारून बसली.

"आये, ऊठ."

"मी नाय उठनार. आनि तुलापन यांना नेऊ देनार नाय."

सगळे बघत राहिले. विशाल पुढे आला. सलग तीन आठवडे शिफ्ट करून त्याला ही एक सुट्टी मिळाली होती आणि लेकीला काशीदची वाळू दाखवायचं त्याने कबूल केलं होतं. "काकी, मला पोहता येतं," तो म्हणाला आणि ओवीला त्याने खांद्यावर घेतलं.

धोंडुबाईने वर बघून दोन्ही हात पसरले. आवाज चढवला नाही. "पोर माझ्याकडे दे. मग तू जा. मी अडवत नाय."

विशालने रागारागाने ओवीला तिच्या मांडीवर ठेवलं आणि पाण्यात उतरला. पाच-सहा पावलं गेला. पाणी मांडीला लागलं, मग कमरेला. तिथे त्याचा एक पाय उचलला गेला तो पडलाच नाही जागेवर. तो तिरका झाला, कसाबसा सावरला, आणि मिनिटभर हात पसरून नुसता उभा राहिला. अनिताने त्याला हाक मारली. तो एकेक पाऊल चाचपत परत आला आणि पायरीवर बसला.

"आडवं ओढतंय," तो म्हणाला.

"व्हय," धोंडुबाई म्हणाली. "खोल नसलं तरी ओढतंय."

मग कुणीच निघायचं नाव काढलं नाही. सुरभीने रेवदंड्याला फोन करून जेवण मागे ढकललं. आदेशला थांबायला सांगितलं. पिशव्यांतून चिवडा निघाला, चिक्की निघाली. दत्तात्रेय सरांनी धोंडुबाईला विचारलं, भरतीची वेळ तुम्हाला कशी कळते? तिने सांगितलं. अमावास्या-पुनवेला भरती दुपारी बाराला येते, मग रोज पाऊण-पाऊण तास पुढे सरकते. पंचमीला ती पावणेचारच्या सुमारास भरते. अष्टमीला उधाण ओसरून भांग लागतो, तेव्हा पाण्याला ओढ कमी असते. सर बोटांवर मोजत होते. सुरभी लहानपणापासून हे ऐकत आली होती. शाळेतल्या पुस्तकात नव्हतं म्हणून तिने ते कधी लक्षात ठेवलं नव्हतं.

अनिताने ओवीचे केस सारखे करत विचारलं, "तुम्हाला इतकी भीती का वाटली काकी?"

धोंडुबाईने ओवीला जवळ ओढलं.

"माझी पाठची बहीन होती, मैना. मिठागरावरून घरी येताना मधे एक नाळ, खाडीच्या पान्याचा चर, लागायची. रोजची वाट. त्या दिवशी डोक्यावर पाटी घेऊन ती माझ्या मागंच चालत होती. पानी गुडघ्याच्या वरपन नव्हतं. मी पलीकडं चढून मागं बघितलं तर पाटी दिसली. मैना नाय दिसली. पंधरा वर्सांची होती. घाई मीच केलेली. घरी पावनं आलेलं."

सुरभी दरवाजाच्या चौकटीला टेकून उभी होती. आईला एक बहीण होती हे तिला माहीत होतं. तापाने गेली, असं घरात सांगत. ती पायऱ्या उतरून खाली आली आणि आईशेजारी बसली. म्हणाली, "आये, मघाशी तुझं ऐकायला हवं होतं."

"आता ऐकलंस ना," धोंडुबाई म्हणाली आणि चिक्कीचा तुकडा तिच्या हातात ठेवला.

दोन वाजता पहिली होडी आली. रेवदंड्याला भात गार झाला होता, तरी सगळे पोटभर जेवले. एकदोघांनी कुरकुर केली, की पैसे दिवसभराचे घेतले आणि दीड तास पायरीवर बसवलं. सुरभीने ते खाली मान घालून ऐकून घेतलं. चूक तिचीच होती. काशीदला पोचायला पाच वाजून गेले. सुरूच्या झाडांमागून पांढरी वाळू दिसली तशी ओवी गाडीतूनच ओरडायला लागली.

विशालने तिचे बूट काढले, आणि तिला सोडायच्या आधी मागे वळून विचारलं, "काकी, जाऊ देऊ का?"

धोंडुबाईने लाटा कुठवर येऊन परततात ते पाहिलं. "पानी मागं जायला लागलंय. घोट्यापत्तर. हात सोडू नको."

परतताना गाडीत बहुतेक जण पेंगत होते. ओवी बापाच्या खांद्यावर झोपली होती, तिच्या केसांत वाळू होती. सुरभी पुढची जागा सोडून मागच्या बाकावर आईजवळ जाऊन बसली.

"मैनामावशी दिसायला कशी होती गो?" तिने विचारलं.

धोंडुबाईने पदराने तोंड पुसलं. "काळीसावळी. माझ्यापेक्षा उंच. हसली की थांबायचीच नाय," ती म्हणाली, आणि पेण येईपर्यंत सांगत राहिली.