अकरा नंबरचं कपाट

“काका, अकरा नंबरची किल्ली तेवढी राहिली बघा,” क्लबच्या नव्या सेक्रेटरीबाई म्हणाल्या. “उद्या गवंडी येणार. कपाटं हलवल्याशिवाय नवी न्हाणीघरं बांधायची कशी?”

शिडवाले काका मान खाली घालून शिडाला टाके घालत राहिले. नदीकाठच्या या क्लबात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. ते आले तेव्हा पत्र्याची एक शेड आणि दोन होड्या, एवढाच पसारा. पुराने शेड नेली, तेव्हा दगडी जोत्यावर होडीघर उठलं. मग धक्का झाला, वर चहाची खोली, कपडे बदलायच्या खोल्या. सगळं काकांच्या डोळ्यांदेखत.

“किल्ली आहे माझ्याकडे,” ते शेवटी म्हणाले. “कपाट आमच्या दादाचं.”

ती गोष्ट बाईंच्या कानावर होती. सव्वीस वर्षांपूर्वी, मंद वाऱ्याच्या एका दुपारी, काकांचा थोरला भाऊ होडी घेऊन गेला. ‘येतोस का?’ त्याने विचारलंही होतं. ‘हातातलं शीड संपवतो, तू हो पुढे,’ काका म्हणाले. संध्याकाळी होडी आपली आपण धक्क्याला लागली. रिकामी. दादा कधी सापडलाच नाही.

काकांनी कुलूप काढलं. आत एक शर्ट, कंगवा, चपला. सगळ्यावर धुळीचा थर. आणि खुंटीला टॉवेल. ओलाचिंब. खालच्या फळीवर टपटप पाणी गळत होतं.

“पाइप फुटला असेल,” बाई घाईघाईने म्हणाल्या.

नळवाल्याने भिंत ठोकून पाहिली. “या बाजूला पाइपच नाहीये, बाई.” हत्यारं गोळा करून तो चहा न घेताच गेला.

काकांनी टॉवेल पिळला, तसा नदीचा वास आला. होडीघरामागच्या दोरीवर, रणरणत्या उन्हात त्यांनी तो टाकला. शेजारची शिडं तासाभरात खडखडीत वाळली. टॉवेल तिन्हीसांजेपर्यंत तसाच. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. बाई त्या बाजूने जायच्या बंद झाल्या. “फेकून द्या ना तो,” म्हणाल्या. काकांचा हात धजेना.

चौथ्या दिवशी बादलीत घालून ते तो वहिनींकडे घेऊन गेले. इतक्या वर्षांत दोघांनी नदीचा विषय काढला नव्हता.

वहिनींनी टॉवेल नाकाशी नेला. “कुठे मिळाला, भाऊजी?”

“दादाच्या कपाटात. वाळतच नाहीये, वहिनी. त्या दिवशी मी गेलो असतो बरोबर, तर...”

“तर मला दोन टॉवेल वाळवावे लागले असते,” वहिनी म्हणाल्या.

त्यांनी तो झटकून अंगणातल्या दोरीवर टाकला. दोघं पायरीवर बसून राहिले. ऊन कललेलं, झाडाचं पान हलत नव्हतं. तरी तासाभरात टॉवेल कोरडा झाला. काकांनी दोनदा चाचपून पाहिला. वहिनींनी त्याची घडी घातली आणि मांडीवर घेऊन तिच्यावरून तळहात फिरवत राहिल्या.

काका उठले. सव्वीस वर्षं वहिनींचं दार नुसतं लोटलेलं असे. ‘अहो, कडी तरी लावत जा’ असं सांगून शेजारणी थकल्या होत्या. काका फाटकापाशी पोचले, तेव्हा मागे कडी सरकल्याचा आवाज आला.