सुटीचा टोल

समजा, तुमच्या हाताखाली चार मदतनीस आहेत. चौघेही हुशार, चौघेही तुमच्यापेक्षा कितीतरी भराभर लिहिणारे, आणि कितीही काम सांगितलं तरी कपाळाला आठी न घालणारे. फक्त एक गोष्ट आहे. त्यांना चार वेगळ्या खोल्यांत बसवलंय, दारं बंद आहेत आणि एकाला दुसऱ्याचं काही ऐकू येत नाही. तुम्ही दाराखालून जी चिठ्ठी सरकवाल, तेवढंच त्यांचं जग. आता मला सांगा, काम बिघडलं तर ते कुणामुळे बिघडेल? थांबा, लगेच उत्तर देऊ नका. आधी आत्याची गोष्ट ऐका.

आत्या शाळेत घंटा द्यायची. खरं तर ती सातवीतल्या एकाच मुलीची आत्या. पण ती मुलगी शाळेत आली आणि पहिल्याच दिवशी व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत "आत्याऽऽ" अशी हाक मारली, तेव्हापासून सगळ्या शाळेची ती आत्याच झाली. मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्यासुद्धा तिला आत्याबाई म्हणायच्या.

व्हरांड्याच्या टोकाला ताटाएवढी, जाड पितळी घंटा टांगलेली होती. आत्या सत्तावीस वर्षं तिच्यावर लाकडी हातोडीने टोल देत आली होती. तास संपला की एक टोल, मधल्या सुट्टीला दोन, आणि शाळा सुटताना असा घणघणाट, की पोरांचे पाय आपोआप जमिनीवरून उचलले जायचे.

पण या वर्षी आत्याचा उजवा खांदा धरला. डॉक्टरांनी साफ सांगितलं, "हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. आज नाही, उद्या नाही, कधीच नाही."

मोठ्या बाईंनी एका विक्रेत्याला बोलावलं. तो एक पांढरा भोंगा घेऊन आला. बटण दाबलं की भोंग्यातून "ट्यँव ट्यँव" असा आवाज निघायचा.

"आणि ही घंटा?" आत्याने विचारलं.

"ही ना? ठेवून द्या की अडगळीच्या खोलीत," विक्रेता म्हणाला.

आत्या लाकडी हातोडी पदराने पुसत राहिली. पण तिची भाची तिथेच उभी होती, आणि तिला गप्प बसणं जमत नसे. कशात ना कशात नाक खुपसून खटपट करायची सवय, म्हणून घरचे तिला खटपटी म्हणत.

"बाई, घंटा काढू नका," खटपटी म्हणाली. "हातोडी यंत्राने हलवू. बाबा मोटारी दुरुस्त करतात, ते हात बनवून देतील. तो कधी हलायचा, तो प्रोग्रॅम मी करून घेते."

"करून घेते? कुणाकडून?"

"एजंटांकडून. म्हणजे संगणकातल्या मदतनिसांकडून. संगणकाच्या खोलीत सरांनी शिकवलंय आम्हाला. आपण काम सांगायचं, प्रोग्रॅम ते लिहितात. एका वेळी चार चार कामाला लावता येतात."

मोठ्या बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "सोमवारपर्यंत वेळ देते. सोमवारी शाळा सुटेपर्यंत सगळे टोल वेळेवर पडले, तर घंटा राहील. नाहीतर मंगळवारी भोंगा."

बाबांनी गाडीची काच पुसणाऱ्या जुन्या मोटारीला लोखंडी दांडा जोडला आणि त्याच्या टोकाला आत्याची हातोडी बसवली. खटपटीने आत्याला समोर बसवलं आणि तिला घंटेबद्दल जे जे माहीत होतं ते सगळं दोन पानांवर उतरवून घेतलं. ते सांगताना आत्याला स्वतःचंच नवल वाटलं. आपल्याला इतकं काही येतं! आजवर तिला हे कुणी विचारलंच नव्हतं.

"परीक्षेच्या दिवशी मधले टोल द्यायचे नाहीत," आत्या सांगत होती. "आणि ऑफिसातलं घड्याळ तीन मिनिटं मागे आहे, पण शाळा त्याच्यावरच चालते."

"मग ते नीट का नाही लावत?"

"एकदा लावलं होतं. बसने येणारी अर्धी शाळा उशिरा ठरली! तेव्हापासून त्याला कुणी हात लावत नाही. आणि हे लिही, शाळा सुटताना सुटीचा टोल द्यायच्या आधी फाटकाकडे बघायचं. बस मागे वळत असेल, तर थांबायचं. अर्धा मिनिट लागो, एक मिनिट लागो."

मग खटपटीने चार एजंट कामाला लावले. पडद्यावरच्या कुठल्या चौकटीत कोण, हे लक्षात राहावं म्हणून तिने त्यांना नावं दिली. वेळापत्रक सांभाळणारा वेळोबा, हातोडी हलवणारा ठोकोबा, सुट्ट्या आणि परीक्षा बघणारा सुट्टोबा, आणि पुढचा टोल कधी आहे ते शिक्षकांना पडद्यावर दाखवणारा फळोबा. तिच्या संगणकाच्या पडद्याचे चार भाग केले होते आणि चारही भागांत ओळी सरसर धावत होत्या. आत्या शेजारी स्टुलावर बसून पाहत राहिली. इवलीशी पोर, पाय जमिनीला नीट टेकत नाहीत, आणि चौघांना कामं वाटून देतेय.

"हे एकमेकांशी बोलतात का गं?" तिने विचारलं.

"नाही. प्रत्येकाकडे प्रोग्रॅमची आपली आपली प्रत असते. म्हणजे कुणी कुणाच्या पायात येत नाही. शेवटी चारही कामं मी एकत्र जोडते."

"आणि माझी ती दोन पानं?"

"ती चौघांनाही दिली. पूर्णच्या पूर्ण. कुणाला काही कमी पडायला नको."

गुरुवारी चौघांचंही काम झालं. चौघांनीही आपापलं काम तपासलं, आणि चौघांचाही निरोप आला, सगळं बरोबर आहे. खटपटीने कामं जोडली. शुक्रवारी मधल्या सुट्टीला रंगीत तालीम ठरली.

ऑफिसच्या घड्याळात अकरा वाजले. मोठ्या बाई व्हरांड्यात हात बांधून उभ्या. विक्रेताही आला होता, भोंगा काखेत धरून. आठवीतल्या मुलांनी डब्यांची झाकणं अर्धी उघडली होती.

टोल पडला नाही.

एक मिनिट गेलं. दोन गेली. पहिलीच्या वर्गातून कुणीतरी रडवेल्या आवाजात विचारलं, "बाई, आज सुट्टी हरवली का?" आणि बरोबर अकरा वाजून तीन मिनिटांनी लोखंडी दांडा डौलात उचलला गेला आणि घंटेवर दोन सणसणीत टोल पडले.

"आवाज छान आहे," विक्रेता म्हणाला. "वेळ तेवढी चुकली."

मोठ्या बाई एवढंच म्हणाल्या, "सोमवार अजून आहे," आणि आत गेल्या. खटपटीचा चेहरा पडला.

शाळा सुटल्यावर दोघी संगणकाच्या खोलीत बसल्या. खटपटी चारही चौकटींकडे डोळे वटारून बघत होती.

"कुणीतरी चुकलंय. सापडू दे, त्याला काढूनच टाकते."

"काढ की," आत्या म्हणाली. "पण कुणाला, ते आधी बघ. ते काय म्हणतात, वाच मला."

काम संपलं की प्रत्येक एजंट आपण काय काय केलं ते लिहून द्यायचा. खटपटी वाचू लागली. "वेळोबा म्हणतो, 'घड्याळ तीन मिनिटं मागे असल्याने सर्व वेळा तीन मिनिटं पुढे केल्या.' बरोबर आहे. ठोकोबा म्हणतो, 'हातोडीला आलेला हुकूम तीन मिनिटं थांबवून...'" ती थांबली. तिने परत वाचलं. "अगं आत्या, दोघांनीही!"

"दोघांनीही काय?"

"घड्याळाची चूक दोघांनीही भरून काढली! हवी होती तीन, झाली तीन आणि तीन, सहा मिनिटं! एकट्याचं तपासलं तर दोघंही बरोबर. जोडलं की उशीर."

आत्या उठली. "चल माझ्याबरोबर."

ती तिला ऑफिसच्या दाराशी घेऊन गेली. तिथे एक लाकडी फळी होती, फळीवर एकोणतीस खिळे, प्रत्येक खिळ्याला एक किल्ली आणि प्रत्येक किल्लीखाली एका माणसाचं नाव.

"मी नवी होते, तेव्हा या किल्ल्या एका डब्यात असायच्या. प्रयोगशाळा कधी दोघं दोघं उघडायचे, आणि रात्री ती उघडीच राहायची. प्रत्येकाला वाटायचं, दुसऱ्याने बंद केली असेल. मग मी ही फळी ठोकून घेतली. प्रयोगशाळेची किल्ली कुणाची?"

"विज्ञानाच्या सरांची."

"वाचनालयाची?"

"वाचनालयाच्या बाईंची."

"आणि ती तीन मिनिटं कुणाची?"

खटपटीने फळीवरची नावं एकेक करून वाचली. मग हळू आवाजात म्हणाली, "कुणाचीच नाहीत. मी चिठ्ठी चौघांना दिली, पण कुठली गोष्ट कुणाची, ते सांगितलंच नाही. आत्या, चूक त्यांची नाही. माझी आहे."

आत्याने सत्तावीस वर्षांत चुका केलेली शेकडो पोरं पाहिली होती. "मी नाही, त्याने केलं" हे तर तिला पाठच होतं. कुणी न विचारता "माझी आहे" म्हणणारी मात्र तिने बोटांवर मोजण्याइतकीच पाहिली होती, आणि आज त्यातली एक तिच्या घरची निघाली. तिने भाचीच्या वेणीची सुटलेली रिबीन डाव्या हाताने नीट केली.

परत येऊन खटपटीने कोरा कागद घेतला. दोन पानांतला एकेक नियम तिने एकाखाली एक लिहिला आणि प्रत्येकापुढे एकच नाव. घड्याळाची तीन मिनिटं, वेळोबा. ठोकोबाने वेळेकडे बघायचंच नाही, हुकूम आला की हातोडी हलवायची. परीक्षेचे दिवस, सुट्टोबा. आणि तिने एक पाचवा एजंटही घेतला, ऐकोबा. त्याने काहीच लिहायचं नाही. चौघांची कामं जोडून झाली, की नुसतं अख्ख्या दिवसाचं घड्याळ धरून बसायचं आणि कुठला टोल कधी पडला ते सांगायचं.

"ज्याने लिहिलं त्यानेच तपासलं, तर त्याला आपलंच खरं वाटणार," ती म्हणाली.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. आत्ता सुचलं."

कागदाच्या शेवटच्या ओळीशी मात्र तिची पेन्सिल थांबली. "सुटीच्या टोलाआधी फाटकाकडे बघणे." तिने चौघांचे निरोप पुन्हा चाळले. त्या गोष्टीचा एकानेही साधा उल्लेख केला नव्हता.

"एक काम दोघांनी केलं आणि एक कुणीच नाही," ती पुटपुटली. "बस वळत असती आणि घंटा वाजली असती, तर?"

आत्याने आपलं स्टूल कागदाजवळ ओढलं.

खटपटीने पेन्सिल चावली. पडद्याकडे पाहिलं, खिडकीतून फाटकाकडे पाहिलं. मग त्या ओळीपुढे तिने एक नाव लिहिलं आणि आत्याला दिसू नये म्हणून कागद पटकन घडी करून खिशात टाकला.

सोमवारी पहिला टोल वेळेवर पडला. दुसराही. मधल्या सुट्टीला ऑफिसच्या घड्याळाचा काटा अकरावर टेकला न टेकला, तोच दोन टोल घुमले आणि पन्नास डब्यांची झाकणं एकदम वाजली. विक्रेता आलाच नव्हता. मोठ्या बाई येता-जाता हातातल्या कागदावर खुणा करत होत्या, आणि दुपारपर्यंत त्यांच्या कपाळावरच्या आठ्या कुठल्या कुठे गेल्या होत्या.

"आत्याबाई," त्या म्हणाल्या, "पोरीने नाव काढलं हो तुमचं."

"माझं कसलं, तिचंच," आत्या म्हणाली.

शेवटचा टोल राहिला. शाळा सुटायला चार मिनिटं होती. आत्या घंटेखाली उभी होती, रोजच्या जागी, रिकाम्या हातांनी. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच या वेळी तिच्या हातांना काम नव्हतं, आणि ते कुठे ठेवावेत हेही तिला कळत नव्हतं.

तेवढ्यात खटपटी बाईंची परवानगी घेऊन वर्गातून धावत आली. तिच्या हातात बाबांनी बनवलेलं एक बटण होतं, लांब वायरीला जोडलेलं.

"हे काय?"

"बाकीचे टोल आपोआप पडतील. सुटीचा पडणार नाही. ठोकोबाला मी सांगून ठेवलंय, या बटणाशिवाय हलायचं नाही म्हणून." तिने खिशातून घडी केलेला कागद काढला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. फाटकाकडे बघणे, आत्या.

"अगं, ते एवढं सगळं करतात, तर हेही..."

"कॅमेरा लावून करतीलही एखाद वेळेस. पण ही किल्ली तुझी आहे."

आत्याने फाटकाकडे पाहिलं. बस येऊन उभी राहिली होती आणि आता मागे वळायला लागली होती. ऑफिसच्या घड्याळाचा काटा सुटीच्या वेळेवर सरकत होता. मोठ्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या, पण त्यांचं लक्ष आता घड्याळाकडे नव्हतं, बसकडे होतं.

"थांबावं लागेल जरा," आत्या म्हणाली.

"थांब की," खटपटी म्हणाली. "तुझा टोल आहे."

तिने बटण आत्याच्या डाव्या तळहातावर ठेवलं, त्यावर तिची बोटं मिटवली, आणि धावत वर्गात जाऊन, दप्तर छातीशी धरून, बाकाच्या अगदी कडेला बसली. बाकीच्या सगळ्या पोरांसारखी, टोल पडायची वाट बघत.