येस दाबायला कुणी सांगितलं?

सुदर्शन मूळचा बोरी बुद्रुकचा. डिप्लोमा झाल्यावर त्यानं वारूळवाडीत एक खोली घेऊन सॉफ्टवेअरचा धंदा मांडला आणि २००३ साली त्याला पहिलं धड काम मिळालं. घोडेगावातली एक संस्था आहुप्याकडच्या वाड्यावस्त्यांवर जाऊन लहान पोरांना लसी टोचायची. त्यांची रजिस्टरं कॉम्प्युटरवर आणायची होती.

टाइप करायला बसवलं होतं जानकाबाईंना. बाई अठ्ठेचाळीस वर्षांच्या, सातवी शिकलेल्या. वीस वर्षं लसीचा डबा खांद्याला लावून डोंगर चढल्या होत्या. गुडघे धरायला लागले, तेव्हा संस्थेच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना खुर्ची दिली.

सॉफ्टवेअर बसवलं त्या दिवशी सुदर्शनला मंचरला जायची घाई होती. प्रोग्रॅम पहिल्यांदा उघडला आणि इंग्रजीतली एक चौकट समोर आली. बाई दचकल्या.

"ह्ये काय इचारतंय?"

"काही नाही मावशी. नवी वही उघडू का म्हणतंय. काहीही विचारलं तरी येस दाबायचं. घाबरायचं नाही."

दहा मिनिटांत शिकवणं आटोपून तो गेलासुद्धा.

बाईंनी एका बोटानं चार महिन्यांत साडेआठशे पोरं टाइप केली. मग एका दुपारी मध्येच लाइट गेली. परत आली तेव्हा प्रोग्रॅमला आपली जुनी फाइल सापडेना. आज आपला पहिलाच दिवस आहे असं समजून त्यानं तीच चौकट पुन्हा दाखवली. बाईंनी येस दाबलं. यादी कोरी झाली.

सुदर्शन धावत आला. चूक कुठं आहे हे त्याला पाव तासात कळलं. तो प्रश्न एकदाच यायला हवा होता, आणि जुनं पुसण्याआधी प्रोग्रॅमनं थांबायला हवं होतं. दोन्ही त्याचंच राहिलं होतं. पण पाठीमागे डॉक्टरीणबाई उभ्या होत्या, आणि आणखी दोन केंद्रांचं काम त्यालाच मिळेल असं त्या आदल्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या.

"कशानं झालं?" त्यांनी विचारलं.

"यांनी येस दाबलं," सुदर्शन म्हणाला. "मावशी, वाचल्याशिवाय कसं काय दाबलंत?"

जानकाबाईंनी त्याच्याकडे एकदा पाहिलं. मग आपल्या बोटाकडे पाहिलं.

पुढच्या सोमवारी खुर्चीवर श्रेया नावाची टायपिंग पास झालेली मुलगी आली. जानकाबाईंच्या खांद्याला पुन्हा डबा लागला. सुदर्शननं चूक गुपचूप दुरुस्त केली आणि दोन केंद्रांचं कामही घेतलं. पण ते काम करताना त्याचा हात चालेना. प्रत्येक चौकटीपाशी तो अडायचा. पाचेक महिन्यांनी एकदा घोडेगावच्या स्टँडवर त्याला बाई दिसल्या. डबा आधी आत ठेवून त्या एसटीच्या दांड्याला धरून एकेक पायरी चढत होत्या. तो टपरीमागे सरकला. आपण लपलो, याची त्याला त्या खोटं बोलण्याहून जास्त लाज वाटली.

त्याच रविवारी तो त्यांच्या घरी गेला. बाई अंगणात कपडे वाळत घालत होत्या. त्यानं उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.

"चूक माझी होती मावशी. येस दाबायलाही मीच सांगितलं होतं. ते तुम्हाला आठवत असेल."

"आठवतंय की."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तुमी शिकलेलं माणूस. तुमी सांगितलं ते माज्याच ध्यानात नीट ऱ्हायलं नसंल." त्यांनी हातातला पदर पिळला. "पाच म्हैनं झालं. रोज मी माज्या बोटाला शिव्या देतीय, भाऊ."

सुदर्शन तिथंच अंगणात खाली बसला. मग त्यानं विचारलं, "तुम्ही पहिल्यांदा बसलात तेव्हा समोर काय दिसायला हवं होतं?"

"आपली भाषा. आन् काय बी दाबलं तरी मोडणार न्हाई, एवढं कुनीतरी म्हनायला पायजे व्हतं. मी पोराला सुई टोचताना बी आदी त्याच्याशी बोलती."

दुसऱ्या दिवशी त्यानं डॉक्टरीणबाईंना खरं सांगितलं. त्या खूप बोलल्या, आणि ते ऐकून घ्यावंच लागलं. दोन केंद्रांचं काम त्यांनी काढून घेतलं नाही, पण त्यानंतर त्याला कधी चहा विचारला नाही.

त्यानं पहिला पडदा नव्यानं केला. त्यावर मराठीत लिहिलं, 'नमस्कार. पहिल्यांदाच आलात ना? इथं सराव करा. काहीही दाबलंत तरी खरी नोंद पुसली जाणार नाही.' खाली सरावासाठी भागू नावाचं एक खोटं बाळ होतं. त्याला हव्या तितक्या लसी टोचाव्यात, चुकलं तर परत टोचाव्यात. दुसऱ्या केंद्रांतल्या बायका अर्ध्या दिवसात शिकल्या, भागूला हसल्या.

डॉक्टरीणबाईंनी जानकाबाईंना पुन्हा खुर्ची दिली. त्या आठवडाभर बसल्या. सुदर्शन रोज यायचा, शेजारी स्टूल घेऊन बसायचा. पडद्यावरचं त्या मोठ्यानं वाचायच्या, बोट बटणावर न्यायच्या आणि थांबायच्या.

"दाबू का?"

"दाबा ना मावशी. काही होत नाही."

"तुमी बगा आदी."

शनिवारी त्या उठल्या आणि त्यांनी खुर्ची श्रेयाकडे सरकवली.

"चांगलं केलंय तुमी," त्या सुदर्शनला म्हणाल्या. "पर माजं बोट आता न्हाई ऐकत."

त्यांनी डबा उचलला. सुदर्शन तो स्टँडपर्यंत न्यायला पुढं झाला, तर त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, बर्फ हाय त्यात, हिंदकळंल," आणि आहुप्याची गाडी लागली होती तिकडे निघाल्या.